पाचशे प्रती आणि एक गाव

पुस्तक लिहिणे सोपे आहे, छापणे त्याहून सोपे आहे, आणि ते घराबाहेर काढणे मात्र मुलीच्या लग्नाइतके अवघड आहे, हे मला वयाच्या 61 व्या वर्षी कळले. छापखान्याचा टेम्पो आमच्या वरोऱ्याच्या घरापुढे थांबला आणि पाचशे प्रतींचे गठ्ठे ओटीवर उतरले, तो दिवस मला अजून आठवतो. मी गठ्ठ्यांभोवती फिरत होतो आणि सौभाग्यवती दारात उभी राहून जागेचा अंदाज घेत होती. ‘हे सगळं कुठे ठेवायचं?’ एवढेच तिने विचारले. मी ऐटीत म्हणालो, ‘दोन महिन्यांची तर गोष्ट आहे.’

दोन महिन्यांचे चौदा महिने झाले. गठ्ठे ओटीवरून माजघरात आणि माजघरातून दिवाणाखाली गेले. पाहुणे आले की त्यांना त्या दिवाणावर बसवू नये, तो कुरकुरतो, असा घरातला नियम झाला.

पुस्तक भद्रावतीवर होते. चंद्रपूर जिल्ह्यातले हे गाव आमच्या वरोऱ्याहून चंद्रपूरकडे जाताना लागते. चंद्रपूर तिथून सुमारे 26 किलोमीटर. शाळेत इतिहास शिकवत असताना मी वीस वर्षे तिथल्या दगडांच्या टिपणे-टाचणे करीत होतो. निवृत्त झाल्यावर भविष्य निर्वाह निधीतले 55 हजार रुपये काढले आणि एकशे साठ पानांचे पुस्तक स्वतःच छापले. किंमत ठेवली 200 रुपये. एका प्रतीला खर्च 110.

पुढचा हिशेब मी छापण्याआधी करायला हवा होता; तो छापल्यावर केला. शहरातल्या एका विक्रेत्याने पन्नास टक्के सवलत मागितली. म्हणजे 110 रुपयांची वस्तू मी त्याला शंभराला द्यायची. पुस्तक जितके जास्त खपेल तितका मी जास्त बुडणार! गणिताचे शिक्षक असलेले माझे जुने सहकारी हे ऐकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. तरी मी पन्नास प्रती दिल्या. वर्षाने 46 परत आल्या, कोपरे दुमडलेल्या. उरलेल्या चारांचे पैसे अजून यायचे आहेत.

1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने आपल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत देशातल्या चार मोठ्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. मीच प्रकाशक, मी चार प्रती पाठवल्या. 58 प्रती मित्रांना, विद्वानांना आणि परीक्षणे लिहिणाऱ्यांना ‘सप्रेम भेट’ म्हणून गेल्या. त्यांतल्या तिघांची पोच आली. एकाने तर पत्त्यातले माझे नाव चुकवून ‘आपले पुस्तक वाचून आनंद झाला’ असे लिहिले होते. दिवाणाखाली 434 प्रती उरल्या.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी घरात झाडलोट निघाली. सौभाग्यवती केरसुणी हातात धरून म्हणाली, ‘ज्या गावावर लिहिलं, त्या गावात एक तरी प्रत आहे का हो?’

मी गप्प राहिलो. एकही नव्हती. पुण्याला गेली होती, मुंबईला गेली होती, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेली होती. वीस किलोमीटरवर असलेल्या भद्रावतीत गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी कापडी पिशवीत पंचवीस प्रती भरल्या आणि सकाळची गाडी पकडली.

भद्रावतीला जाणारा माणूस गाडीतून भांदकला उतरतो. गावाचे नाव बदलले, पण स्टेशनने जुनेच नाव धरून ठेवले आहे. भांदक हे भद्रावतीचेच झिजलेले रूप, असे मानतात. जैमिनीच्या अश्वमेधात यौवनाश्व राजाची भद्रावती नगरी येते. त्याचा श्यामकर्ण घोडा भीमाने नेला, ती नगरी हीच, अशी इथली श्रद्धा. चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग ज्या कोसलाच्या राजधानीत आला तीही हीच, असे काही विद्वान म्हणतात आणि काही म्हणत नाहीत. जनरल कनिंगहॅम यांनी एकोणिसाव्या शतकात इथले अवशेष हिंडून पाहिले आणि आपल्या अहवालात नोंदले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके 694, म्हणजे सन 772 चा ताम्रपट भांदकचा म्हणूनच प्रसिद्ध आहे. या साऱ्याचा ऊहापोह माझ्या पुस्तकाच्या पहिल्या साठ पानांत होता, आणि त्याचा मला फार अभिमान होता.

पहिला मुक्काम जैन मंदिरात केला. केसरिया पार्श्वनाथाची काळीभोर मूर्ती पाहून मन निवते. विसाव्या शतकाच्या आरंभी अंतरिक्ष पार्श्वनाथ संस्थानाच्या एका व्यवस्थापकांना स्वप्नात नागाने हे स्थान दाखवले, असे सांगतात; म्हणून या देवाला स्वप्नदेवही म्हणतात. आवार स्वच्छ, धर्मशाळा भरलेली. मी मनात म्हटले, एवढे यात्रेकरू! पंचवीस प्रती इथेच संपणार. एका सुखवस्तू कुटुंबापुढे पुस्तक धरले. गृहस्थांनी ते आदराने दोन्ही हातांत घेतले, कपाळाला लावले, उघडले आणि म्हणाले, ‘गुजराती में नहीं है? हिंदी में?’ असे पाच जणांनी पाच वेळा विचारले. सगळे दुरून आलेले. मला पुस्तक कोणत्या विषयावर आहे ते ठाऊक होते. ते कुणासाठी आहे याचा विचार मी केला नव्हता.

तिथून बाजारात आलो. वह्या-पेनांच्या एका दुकानात शिरलो. दुकानदार तिशीतला होता. त्याने पुस्तक हातात घेऊन आधी पाठ पाहिली, मग किंमत, आणि मग विचारले, ‘गुरुजी, हे परीक्षेचं गाइड हाये का जी?’

‘नाही. गावाचा इतिहास आहे.’

त्याने पाने उलटली. ‘नकाशा कुठी हाये?’

नकाशा नव्हता. भद्रनागाचे देऊळ कुठे, किल्ला कुठे, विजासन कुठे, हे कुणाला ठाऊक नसेल असे मला कधी वाटलेच नव्हते. ‘बाहेरचा माणूस पुस्तक घेईन ते रस्ता पाह्याले,’ तो म्हणाला, ‘अन् गावचा माणूस घेईन ते आपलं घर त्यात हाये का पाह्याले. तुमी दोघायचंही काही ठेवलं नाही.’ मग माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. त्याने दहा प्रती ठेवून घेतल्या, त्यांतली एक काचेत रस्त्याकडे तोंड करून उभी केली आणि म्हणाला, ‘खपल्या तं पैसे, नाही खपल्या तं पुस्तकं. पण मायाकडून कमिशन पंधरा टक्केच घेजा समजा.’ शहरातल्या विक्रेत्यापेक्षा हा व्यवहार किती सरळ होता!

तिथेच सार्वजनिक वाचनालयाची चौकशी केली. 1967 च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात वाचनालयांना अनुदान सुरू झाले, आणि खेडोपाडी पुस्तकाला एक हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. पण अनुदान आणि खरेदी यांचेही हंगाम असतात. कार्यवाहांनी चहा पाजला आणि समजावले, ‘आता हाती पैसा नाही. मार्चच्या आधी या. आणि बिल छापील आणा, साध्या कागदावर नको.’ मी बिलबुकच छापले नव्हते! वीस वर्षे ताम्रपटांची मिती ताडून पाहणाऱ्या माणसाला पावतीपुस्तक सुचू नये?

दुपारच्या उन्हात पिशवी जड झाली. गावात कुंभारकाम जुने. इथल्या मातीचा गुण ओळखून कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी 1955 साली भद्रावतीत ग्रामोदय संघ काढला आणि कुंभारांना नवी तंत्रे शिकवली, ही गोष्ट दूरवर माहीत आहे. दिवाळी जवळ आली होती. रस्त्याच्या कडेला एका म्हाताऱ्या बाईंनी पणत्यांची आणि मडक्यांची रास मांडली होती. शेजारी नातीसारखी दिसणारी आठवी-नववीतली मुलगी बसली होती. मी सावलीला टेकलो.

एक गिऱ्हाईक आले. बाईंनी माठ उचलला, बोटाच्या पेराने टिचकी मारली आणि माठ त्याच्या कानाशी नेला. टणकन आवाज आला. त्याने काही न बोलता पैसे मोजले.

‘तुम्ही भाव सांगितलाच नाही, मावशी,’ मी म्हणालो.

‘वाजलं का भावाचं भांडण रायत नाही, बापू,’ ती म्हणाली. ‘फुटकं असलं तं मीच नाही देत. तुमी काय इकता?’

मी पुस्तक पुढे केले. तिला वाचता येत नव्हते. तिने ते नातीकडे दिले. ‘वाच वं माय. वाजवून पाहू.’

मुलीने मधलेच पान उघडले आणि मोठ्याने वाचू लागली. माझे ते आवडते वाक्य होते. त्यात ‘तत्कालीन’ होते, ‘पुरातत्त्वीय साधनसामग्री’ होती, ‘अनुमानास पुष्टी’ होती. पोर हुशार होती, पण ‘पुष्टी’पाशी तिचा दम संपला. वाक्य अजून संपायचे होते. तिने बोटाने पुढच्या ओळी मोजल्या, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘सर, हे कोणत्या गावाचं हाये?’

‘याच गावाचं,’ मी म्हणालो.

‘यात आमचं काय हाये?’ म्हातारीने विचारले.

मी सूची उघडली. ‘कुंभार’ हा शब्द सूचीत नव्हता. ग्रामोदय संघाची एक ओळ होती, तीही तळटिपेत. म्हातारीने पुस्तक पदराने पुसून मला परत दिले. रागावली नाही. ‘मोठ्या लोकायचं असन,’ एवढेच म्हणाली.

त्या दिवशी मला घरी जावेसे वाटेना. डोलारा तलावाच्या काठी जाऊन बसलो. तलावात बेट आहे आणि बेटाकडे जाणारा जुना दगडी पूल आहे. त्या पुलावर मी पुस्तकात पाच पाने खर्च केली आहेत. मला डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकरांची आठवण झाली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट 1911 साली मिळवून आलेला हा विद्वान 1916 साली आमच्या नागपुरात ज्ञानकोशाची कंपनी काढतो, लोकांना भाग विकतो, ग्रंथ लिहून व्हायच्या आधी वर्गणीदार जमवतो, आणि 23 खंड पुरे करून दाखवतो! वर त्या सगळ्या उलाढालीचा इतिहासही 1927 साली स्वतः लिहितो, कारण ग्रंथ कसा विकला हेही ज्ञानच आहे असे त्याला वाटते. बाबासाहेब पुरंदऱ्यांनी शिवचरित्राच्या छपाईसाठी भायखळ्याच्या बाजारात कोथिंबीर विकली असे सांगतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची 1955 ची ग्रामगीता तर आमच्या भागात पुस्तकाच्या दुकानातून फारशी आलीच नाही. ती खंजिरीच्या नादामागून, भजनाच्या बैठकीतून घरात शिरली. या मंडळींना विकण्याची लाज वाटली नाही. मला का वाटत होती? दिवसभर मी ज्याच्यापुढे पुस्तक धरले त्याच्याशी काहीतरी भीक मागितल्यासारखे बोललो होतो: ‘आपलं एक छोटंसं पुस्तक आहे, घेता आलं तर बघा.’

काठावर चार पोरे गळ टाकून बसली होती. एकाने विचारले, ‘काका, हा पूल कोनं बांधला?’ मी पुस्तक न उघडता सांगू लागलो. पुलाचे दगड कसे बसवले, तलावावर किती पिढ्यांनी पाणी भरले असेल, श्यामकर्ण घोड्याची कथा, आणि ह्युएनत्संगावरून पंडितांचे भांडण. बोलता बोलता मोटरसायकलवरचे दोघे थांबले, आयुध निर्माणीतून सुटलेले एक गृहस्थ सायकल धरून उभे राहिले. अर्ध्या तासाने त्या गृहस्थांनी विचारले, ‘हे कुठे वाचायला मिळेल?’ पिशवी माझ्या पायाशीच होती. त्या संध्याकाळी तीन प्रती खपल्या. माझ्या आयुष्यातल्या पहिल्या तीन! पण गाडीत मला एकच चिंता होती: मी जे सांगितले ते या पुस्तकात त्यांना सापडेल का? सापडेल, पण खणून काढावे लागेल.

पुढच्या आठवड्यात 16 ऑक्टोबर आला. 1956 साली या तारखेला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दरवर्षी तिथे दीक्षाभूमीवर मोठा मेळा भरतो. पुस्तके कशी विकतात हे शिकायचे असेल तर ते तिथे पाहावे. शेतमजूर बाया कमरेच्या पिशवीतून घामेजलेल्या नोटा काढून पुस्तके घेतात. पातळ पुस्तिका घेतात आणि जाडजूड ग्रंथही घेतात. लेखक स्वतः सतरंजी टाकून बसलेले असतात. कुणी कुणावर उपकार करीत नाही. ज्याला वाचता येत नाही तो नातवासाठी घेतो. मी तासभर नुसता उभा राहून पाहिले.

त्यांतले काही लोक दुपारी भद्रावतीला विजासनच्या टेकडीवर जायला निघाले; मीही त्यांच्याबरोबर गेलो. टेकडीत खोदलेली ही बौद्ध लेणी साधी आहेत. सरळ आत जाणारी अंधारी वाट, शेवटी बसलेली बुद्धमूर्ती, आणि दोन्ही बाजूंना फुटणाऱ्या वाटांच्या टोकाशीही तशाच मूर्ती. अजिंठ्याची चित्रे इथे नाहीत. पण बाहेरच्या उन्हातून आत गेले की डोळे निवळायला जो वेळ लागतो, त्यात माणूस आपोआप गप्प होतो. मी कंदिलासारखा मोबाइलचा दिवा धरून तीन-चार कुटुंबांना लेणी दाखवली, मला ठाऊक होते ते सांगितले, आणि जे माझे अनुमान होते त्याला अनुमान म्हटले. बाहेर आल्यावर पिशवी उघडली. नऊ प्रती गेल्या. एका आजोबांनी विचारले, ‘यात लेण्यावर पानं किती?’ मी म्हणालो, ‘अकरा.’ ‘मग तेवढी अकरा पानं वेगळी काढून वीस रुपयाले द्या ना,’ ते म्हणाले. ‘शंभर लोक घेतीन.’

माझा एक जुना विद्यार्थी वडशाकडे झाडीपट्टीच्या नाटकांची जाहिरात करतो. दिवाळी सरली, मंडया भरू लागल्या की ही नाटके सुरू होतात आणि रात्रभर चालतात. दिवसा गाडीवर भोंगा लावून गावोगाव पुकारा होतो. त्याला मी सगळी कथा सांगितली. तो म्हणाला, ‘सर, आम्ही नाटकाचा विषय सांगतच नाही. गावाला काय सांगतो? रडाल, हसाल, आणि सकाळी बैल जुंपायला वेळेवर घरी जाल. त्याला काय मिळणार ते आधी सांगा.’ शाळेत हा पोरगा माझ्या तासाला झोपत असे. आता कारणही कळले.

त्या हिवाळ्यात मी पुन्हा लिहायला बसलो. बत्तीस पाने, एक नकाशा, किंमत वीस रुपये. मोठ्या पुस्तकातले काही खोटे नव्हते; पण ते ज्यांना पाठ थोपटून घ्यायची होती त्यांच्यासाठी लिहिले होते. आता ज्यांच्या दारावरून रस्ता जातो त्यांच्यासाठी लिहायचे होते. कुंभारांकडे आठ वेळा गेलो. माती कुठून आणतात, ती कशी मळतात, भट्टी कशी रचतात, कोणते भांडे कोणत्या महिन्यात खपते, हे लिहून घेतले. कोळशाच्या खाणींनी गावाभोवतीची शिवारे कशी बदलली, तेही आले. कच्ची प्रत त्या नातीने मोठ्याने वाचली. जिथे ती अडखळली तिथे मी पेन्सिलीने खूण केली आणि घरी येऊन ते वाक्य मोडले. अशा 43 खुणा झाल्या. चाळीस वर्षे मी मुलांच्या वह्या तपासल्या होत्या. माझी वही तपासणारी मला आता भेटली.

हजार प्रतींना नऊ हजार रुपये लागले. या वेळी हिशेब आधी केला. यंदाच्या नागपंचमीला भद्रनागाच्या यात्रेत, देवळाच्या वाटेवर, नारळवाल्याच्या शेजारी सतरंजी टाकली. 140 पुस्तिका खपल्या. गंमत अशी की पुस्तिका वाचून काही जण मोठे पुस्तकही मागू लागले. दुकानदाराने दहाचे पैसे चुकते केले आणि आणखी वीस मागवल्या. मार्चच्या आधी छापील बिल घेऊन वाचनालयातही जाऊन आलो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लोकांना घेऊन गाव फिरवतो. फिरण्याचे पैसे नाहीत, पुस्तक घ्यायची सक्ती नाही. दिवाणाखाली आता 271 प्रती आहेत. श्रीमंत झालो नाही, भविष्य निर्वाह निधीचे अर्धे पैसेसुद्धा परत आलेले नाहीत. पण पाहुण्यांना दिवाणावर बसवतो.

हा लेख पाठवण्यापूर्वी परवा म्हातारीकडे गेलो. चाकावर पणत्या चालल्या होत्या. पुस्तिका तिच्या हाती दिली. तिने ती नातीकडे दिली, ‘वाच वं,’ म्हणाली आणि चाक थांबवले. नातीने भट्टीचे पान काढले आणि न थांबता शेवटपर्यंत वाचले. म्हातारीने मध्येच एकदा तिला थांबवले: राख आधी नाही, गोवऱ्या आधी, असे ती म्हणाली. मी चूक लिहून घेतली. पुढच्या आवृत्तीत सुधारीन.

‘कितीचं हाये?’ तिने विचारले.

‘तुम्हाला कसलं, मावशी! तुमचंच आहे.’

‘फुकट नोको,’ ती म्हणाली. ‘फुकट देल्लं का माणूस ठेवून देते, वाचत नाही.’

58 सप्रेम भेटींचा इतका नेमका हिशेब मला कुणी सांगितला नव्हता. तिने कागदात बांधून दोन डझन पणत्या दिल्या. मी छापील पावती फाडून तिला दिली आणि वहीत जमेच्या बाजूला लिहिले: पुस्तिका एक, पणत्या चोवीस. येताना गाडीत एक फुटली. तेवीस यंदा ओटीवर लावू.